तो विषय इथला नाही

मुलीने पेन्सिलीचं टोक जिभेपर्यंत नेलं, क्षणभर थांबली, आणि ते ओलं न करताच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलासा चौकोन काढला. चौकोनाला चिकटून एक तिरकी रेघ. रेघेच्या टोकाशी तीन ठिपके. मग मान वळवून पुन्हा मूळ चित्राकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. टेबलापलीकडे ताई हातात घड्याळ धरून बसल्या होत्या आणि काटा पुढे पळत असताना चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची त्यांना चांगली सवय होती.

"झालं?"

"उजवी बाजू मावली नाही," मुलीने कागद पुढे सरकवला. "पण रेघा सगळ्या घेतल्या. एकतीस."

ताई उठल्या, मूळ चित्र घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"आता तिथून बघ. काय दिसतं?"

मुलगी बघत राहिली. डोळे बारीक करून, मग मोठे करून.

"घर आहे का ते?"

"घरच आहे. छप्पर, दार, बाजूला झाड."

"मला नाही दिसलं," ती म्हणाली, अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिने काहीतरी चोरलंय आणि आता कबूल करतेय. "मला रेघाच दिसल्या."

बाहेरच्या बाकावर तिचे वडील बसले होते. चित्रांना नि फोटोंना फ्रेमा करून द्यायचं त्यांचं दुकान. ताईंनी त्यांना हा प्रकार सांगितला तेव्हा ते हसले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "दुकानातही हेच हो. गिऱ्हाईक चित्र बघतं, ही कोपरा बघते. केसभर फट दिसली की अख्खी फ्रेम उकलून ठेवते. आमचा कारागीर हिला काटकोन म्हणतो. म्हणतो, कोपरा तपासायचा गुण्या हरवला तर हिलाच लावून बघायचं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तेव्हा आम्हाला कौतुक वाटायचं, ताई. जेवणाच्या ताटातही ती कोपरे जुळवायला लागली ते कळलंच नाही."

ताईंना सगळं रुग्णालय खेळवाल्या ताई म्हणायचं. त्यांच्या खोलीत पत्ते, कोडी, रंगीत ठोकळे आणि उलटसुलट दिसणारी चित्रं असायची. औषधाची बाटली औषधालाही नव्हती. ज्यांचं खाण्याशी वैर जडलेलं असतं त्यांचं डोकं एकाच खाचेतून फिरत राहतं, त्या डोक्याला थोडं वळायला शिकवायचं, हे ताईंचं काम. दहा बैठका, दर मंगळवारी एक. पत्ते आधी रंगावरून लावायचे, मग मधेच नियम बदलून आकड्यावरून. घरी जाताना दुसऱ्या रस्त्याने जायचं. जेवढी गोष्ट बारीक तेवढी बरी.

आणि या कामाचा एक मोठा नियम होता. या खोलीत खाण्याचा विषय काढायचा नाही. वजनाचा तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मुलीने दोनदा विचारून घेतलं होतं.

"जेवलीस का, असंही नाही विचारणार?"

"नाही विचारणार."

"काय जेवलीस?"

"तेही नाही. त्यासाठी आहारवाल्या बाई आहेत, त्या गुरुवारी येतात. इथे आपण दोघी फक्त खेळायचं."

मुलीचे खांदे कानांपासून खाली आले होते. एकोणीस वर्षांची पोर, पण आयुष्यभर ओझी उचलल्यासारखे खांदे. घरी उठल्यापासून झोपेपर्यंत दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. आई ताट पुढे करायची, वडील ताटाकडे बघायचे नाहीत, आणि न बघण्याचाही आवाज व्हायचा. त्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की काट्यावरचा आकडा आणखी थोडा जरी उतरला तरी भरती करावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, आणि हृदयाने दगा दिला तर नळीचाही उपयोग नाही. तेव्हा या खोलीत जे काही व्हायचं ते वेळेत व्हायला हवं होतं. ताईंना ते माहीत होतं, वडिलांना माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं, फक्त ती त्या आकड्याकडे घर म्हणून न बघता रेघ म्हणून बघत होती.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी सांगितलं, घड्याळ डाव्या हातातलं काढून उजव्या हातात घाल. तिने घातलं. वडिलांनीही लेकीला सोबत म्हणून घातलं, आणि पुढच्या मंगळवारी बाकावर बसून कुरकुरले, "तुमच्या खेळापायी माझी चांगली लाकडी पट्टी वाया गेली. करवत धरली की घड्याळ मनगटावर टोचतं, हात थरथरला, ती दोन बोटं आखूड कापली गेली."

"मग काढलंत का?"

"छे. ही नाही काढत तोवर मी कसा काढू?"

चौथ्या आठवड्यात मुलीने एक कागद आणला. पट्टीने आखलेला तक्ता, सात रकाने. सोमवारी दुसरी खुर्ची, मंगळवारी दुसरा रस्ता, बुधवारी डाव्या हाताने दात घासणे, असं रविवारपर्यंत. प्रत्येकाखाली बरोबरची खूण.

ताईंना हसू आवरेना. "अगं, मोकळं व्हायचंय, त्याचंही वेळापत्रक?"

"चुकलं का?"

"नाही, नाही. केलंस हे महत्त्वाचं." आणि त्यांनी वहीत लिहिलं, गृहपाठ पूर्ण.

आता ताईंची बाजूही सांगायला हवी. माणूस वाईट नव्हतं. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी हात जोडून, आज माझ्या हातून कुणाचं भलं होऊ दे, एवढंच मागणारं माणूस. पण चार वर्षांपूर्वी एक शाळामास्तरीण त्यांच्याकडे आली होती. तिने बैठकीत दुधाचा विषय काढला, कनवाळूपणापायी ताईंना नाही म्हणवलं नाही, आणि पुढच्या तीन बैठका अर्धा पेला का पाऊण पेला यावर भांडण्यात गेल्या. चौथ्या बैठकीला मास्तरीण आलीच नाही. तिचं पुढे काय झालं हे ताईंना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. तेव्हापासून तो नियम त्यांनी कमरेला किल्ली खोचावी तसा खोचून ठेवला होता. शिवाय प्रत्येक बैठक रेकॉर्ड व्हायची. मोठे डॉक्टर ती ऐकून मार्क द्यायचे, आणि दहा मुद्द्यांतला एक मुद्दा होता: खाण्याचा विषय निघाल्यास सौम्यपणे पण ठामपणे बाजूला केला का?

सातव्या बैठकीच्या शेवटी ताई म्हणाल्या, "या आठवड्यात मी काही सांगणार नाही. एक गोष्ट तुझी तू बदलायची. कुठली, ते तू ठरव."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "कुठलीही?"

"कुठलीही."

"पण नियम काय?"

"नियमच नाही. म्हणून तर."

ती दारापर्यंत गेली, परत आली, काहीतरी विचारणार होती, न विचारताच गेली.

आठव्या मंगळवारी ती पाऊण तास आधी येऊन बाकावर बसली. वडील सोबत नव्हते. तिने एकटीने यायचं ठरवलं होतं. फरशी पुसणाऱ्या मावशी तिच्याशी काहीतरी बोलत होत्या आणि दोघी हसत होत्या. ताईंनी दारातून ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. मुलगी आत आली. मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली. ताईंनी रेकॉर्डर चालू केला, वही उघडली, मान खाली घालून तारीख घातली.

"मग? ठरवलीस गोष्ट?"

"हो. सांगू? तुम्ही रागावणार नाही ना?"

"रागवायला काय झालं."

पिशवीची सळसळ झाली. ताई रकाने आखत होत्या.

"मी असं ठरवलं की घरी नको. घरी सगळे बघतात. तर इथे, तुमच्यासमोर, आज मी थोडंसं—"

"थांब हं, बाळा." ताईंनी मान वर केली नव्हती, पेन मात्र थांबलं होतं. "खाण्यातलं आहे का काही?"

"हो."

"मग तो विषय इथला नाही. आपलं ठरलंय ना? गुरुवारी आहारवाल्या बाई येतील, त्यांना नक्की सांग. त्यांना आनंद होईल."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ताईंनी वर पाहिलं तेव्हा मुलगी नीट बसली होती, दोन्ही हात पिशवीवर.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलं वगैरे काही नाही. दुसरी एखादी सांग बघू."

मुलीने विचार केला. "आज मी जिना उजव्या बाजूने चढले."

"शाब्बास," ताई म्हणाल्या, आणि लिहिलं.

नववी बैठक उत्तम झाली. दहावी त्याहून उत्तम. पत्त्यांचा नियम मधेच बदलला तरी मुलगी अडखळेना. शेवटच्या दिवशी तेच पहिलं चित्र पुन्हा समोर ठेवलं, तर तिने आधी मोठं छप्पर काढलं, मग भिंती, मग दार, आणि बारीक ठिपके सर्वांत शेवटी. सगळं घर कागदाच्या मधोमध बसलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी ते चित्र मागून नेलं आणि आठवड्याने फ्रेम करून आणून दिलं. कोपरे असे जुळलेले की नख शिरणार नाही. ताईंनी ते खोलीतल्या भिंतीवर लावलं. अहवालात लिहिलं, विचारांच्या लवचीकतेत लक्षणीय सुधारणा. मोठ्या डॉक्टरांनी आठव्या बैठकीला दहापैकी दहा मार्क दिले, ते ताईंनी कौतुकाने वडिलांनाही सांगितलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुलगी दुकानात काच पुसता पुसता खाली बसली ती उठली नाही. भरती करावं लागलं. नळी घालावी लागली.

वडील ताईंच्या दारात आले ते आत आलेच नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून समोरच्या फ्रेमकडे बघत होते.

"तुमच्याकडे तर पास झाली होती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना उत्तर देता आलं असतं.

त्याच महिन्यात सहा नवीन मुलंमुली हे काम शिकायला आली. मोठ्या डॉक्टरांनी दुपारी त्यांना गोल बसवलं, ताईंना मानाने शेजारी खुर्ची दिली आणि टेबलावर रेकॉर्डर ठेवला.

"विषय बाजूला कसा करायचा, याचा हा नमुना," ते म्हणाले. "रुग्णाचा अपमान नाही, आणि नियमालाही धक्का नाही. नीट ऐका."

ताईंनी स्वतःचा आवाज ऐकला. मग? ठरवलीस गोष्ट? मग मुलीचा आवाज, जरा घाईचा, जरा श्वास लागलेला. असा आवाज तिचा दहा बैठकांत दुसऱ्यांदा कधी निघाला नव्हता, हे ताईंच्या आज लक्षात आलं. पिशवीची सळसळ. घरी नको, घरी सगळे बघतात. आणि या शब्दांच्या खाली, अगदी स्पष्ट, एक आवाज.

टक्.

पुढे ताईंचाच मऊ आवाज. थांब हं, बाळा. तो विषय इथला नाही. आनंद होईल. मग पंखा. आणि मग, बरोबर आहे, माझं चुकलं, याच्या आधी पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा हळू, आवाज होऊ नये म्हणून बोटाने दाबून लावल्यासारखं.

टक्.

"बघितलंत?" मोठे डॉक्टर म्हणाले. "चिडचिड नाही, रडारड नाही. रुग्णाने लगेच स्वीकारलं."

एका शिकाऊ मुलीने हात वर केला. "सर, तो मधे कसला आवाज आहे?"

"कुठला? खुर्ची असेल. ताई?"

सगळे ताईंकडे बघू लागले.

"खुर्ची असेल," ताई म्हणाल्या.

मावशी मागच्या जिन्यावर बादली पिळत होत्या. ताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, ती फ्रेमवाल्यांची मुलगी. एकटी आली होती तो मंगळवार आठवतोय? तिच्याकडे डबा होता?"

"होता की. स्टीलचा, एवढासा." मावशींनी तळहात दाखवला. "मला विचारत होती, ताई खातात कधी? मी म्हटलं, बारा वर्षं झाली, खेळवाल्या ताईंना खाताना मी नाही बघितलं. दार लावून खातात. तर हसली. म्हणाली, आज माझ्याबरोबर खातील."

"मग?" ताईंनी विचारलं.

"जाताना डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्ही खा. ब्रेडचे दोन तुकडे, लोणी लावलेले. एक तुमचा, एक तिचा असणार. काय कापले होते, पट्टी लावून कापल्यासारखे. मी खाल्ले, टाकायचे कशाला? डबा धुऊन गुरुवारी परत द्यायला गेले, तर म्हणाली ठेवा, मला नको." मावशींनी बादली उचलली. "अजून पडलाय माझ्या फडताळात. का हो, काय झालं?"

"तो डबा मला द्या," ताई म्हणाल्या.

वॉर्डात भेटीची वेळ संपत आली होती. खिडकीजवळच्या पलंगावर मुलगी उशीला टेकून बसली होती. गालावर चिकटपट्टी, पट्टीखालून नाकात गेलेली बारीक नळी. ताईंना बघून तिने पाय जवळ घेऊन जागा करून दिली, पाहुण्याला करावी तशी.

"आज मंगळवार नाही, ताई."

"नाही. सहज आले."

मुलीच्या उजव्या हातात घड्याळ होतं. मनगटावर ते आता ठरत नव्हतं. हात वर केला की घरंगळत कोपरापर्यंत जात होतं.

"अजून उजव्याच हातात?"

"परत डाव्या हातात घालायचं तुम्ही सांगितलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "बाबाही काढत नाहीत."

ताईंनी पिशवीतून डबा काढून दोघींच्या मधे चादरीवर ठेवला. मुलीने तो ओळखला. ओळखल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने फक्त हात मागे घेतला. ताईंनी झाकण उघडलं. टक्. ब्रेडचे दोन तुकडे, लोणी लावलेले. ताईंनी सकाळी तीनदा कापून पाहिले होते, तरी कडा वाकड्याच आल्या होत्या.

"तू त्या दिवशी विचारत होतीस," ताई म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. आज आपण दोघी—"

"ताई." मुलगी पुढे झुकली आणि आजूबाजूला बघून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून, हळू आवाजात म्हणाली, "तो विषय आपला नाही ना. गुरुवारी त्या बाई येतात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. लहान मूल चुकीच्या वर्गात जाऊन बसलं की त्याला हाताला धरून बाहेर आणावं, तशी माया होती. "तुमचे मार्क जातील."

"मार्क राहू देत."

"असं कसं? मला बाबांनी सांगितलंय. त्या बैठकीला आपल्याला दहापैकी दहा मिळाले."

ताईंनी एक तुकडा उचलला. तोंडाजवळ नेला, चावा घेतला, चावला. अख्ख्या वॉर्डासमोर, दार सताड उघडं. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. ताईंच्या तोंडाकडे नाही, तुकड्याच्या वाकड्या कडेकडे. घास गिळायला ताईंना फार वेळ लागला. उरलेला तुकडा त्यांनी डब्यात ठेवला. दुसरा तसाच होता.

"पत्ते आणलेत का?" मुलीने विचारलं.

ते ताईंच्या खिशात नेहमीच असायचे. त्यांनी काढले. मुलीने डबा झाकण न लावता, एका बोटाने, नीट सरळ रेषेत बाजूला सरकवला आणि चादरीवरची सुरकुती हाताने साफ केली. नळीतून पांढरं काहीतरी थेंब थेंब उतरत होतं. बाहेर सिस्टर भेटीला आलेल्यांना निघायला सांगत होत्या.

"आज नियम कुठला?"

"आज तू ठरव," ताई म्हणाल्या.

मुलीने घड्याळ कोपरावरून खाली आणलं, मनगटावर धरून ठेवलं, आणि बराच वेळ विचार केला.

"नको, ताई," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

ताईंनी पत्ते पिसले. पुन्हा पिसले. मुलगी हात पुढे करून थांबली होती, आणि ताई पिसतच राहिल्या.